हलक्या रायफलवर छोटा रेड डॉट: आधी अंतर, मग गाल आणि डोळा, ब्रँड सगळ्यात शेवटी

तुझा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. पेनसिल्व्हेनियात राहतोस, .३०८ काडतुसाची, अठरा इंची बॅरलवाली छोटी बोल्ट अॅक्शन (दर गोळीला हाताने दट्ट्या ओढून भरायची) रायफल घेतलीस, रिकामी साधारण सहा पौंड, आणि दुकानातून येतानाच तिच्यावर ३-९ बाय ४० चा (तीनपट ते नऊपट मोठं दाखवणारा, पुढची काच ४० मिमीची) स्कोप बसवून आला. मागच्या सीझनला दाट झाडीत हरीण चाळीस यार्डांवरून आडवं गेलं, स्कोप नवावर राहिलेला, आत नुसता तपकिरी केसांचा पडदा, खांदा कुठला नि पोट कुठलं ते कळेपर्यंत हरीण गायब. आता विचारतोयस की स्कोप काढून छोटा रेड डॉट लावू का, लावला तर कुठला, चष्म्याचा नंबर तिरका आहे त्याचं काय, आणि निघालेला स्कोप कोल्हापूरच्या चुलतभावाला नेऊन देऊ का. काका म्हणून विचारलंस म्हणून अरे-तुरेनेच लिहितो. मी इथल्या जंगलात बरीच वर्षं हरणाची शिकार करतोय आणि क्लबच्या रेंजवर लोकांच्या रायफली बसवून, झिरो करून (नेम धरला तिथेच गोळी लागेल असं जुळवून) देतो, त्यामुळे लांबण लागेल, चहा घेऊन बस.

सरळ उत्तर असं की हो, लाव, तुझ्या जंगलाला तो शोभतो. पण लोक सुरुवात ब्रँडपासून करतात तिथेच गाडी चुकते. आधी अंतर ठरव, मग रायफल खांद्याला लावल्यावर तुझा गाल कुठे टेकतो ते बघ, मग डोळा तपास, आणि हे तिन्ही झाल्यावर कुठला डॉट हा प्रश्न जवळजवळ आपोआप सुटतो.

अंतराचं आधी. रेड डॉटला मोठेपणा नसतो, एकास एक दिसतं, म्हणजे काचेतून तेच दिसतं जे डोळ्याला दिसतं, फक्त मध्ये एक लाल ठिपका. व्हाइटटेल हरणाचा जिथे गोळी लागायला हवी तो छातीचा भाग साधारण आठ इंचांचा धर. शंभर यार्डांवर आठ इंच म्हणजे उघड्या डोळ्याला फार लहान नाही, पण मध्ये फांद्या, संध्याकाळची वेळ आणि अंगावर जाड जॅकेट असताना तो सोपाही नाही. माझं मत स्पष्ट आहे, रेंजवर कितीही छान लागत असलं तरी जंगलात रेड डॉटने शंभर, फार तर सव्वाशे यार्डांपर्यंतच मारावं. रायफल .३०८ आहे, ती तीनशेलाही सहज पोचते, पण प्रश्न रायफलचा नाहीये, तुला फांदी दिसते का नाही याचा आहे. जखमी होऊन पळालेलं हरीण रात्रभर शोधायची पाळी कोणावर येऊ नये. तू जर शेताच्या कडेला उंच स्टँडवर बसत असशील आणि समोर दोनशे यार्ड मोकळं असेल तर हे सगळं विसर आणि तोच ३-९ ठेव, फक्त चालताना तो तीनवर ठेवायची सवय लाव. तुझा मागच्या वेळचा घोळ अर्धा तिथेच मिटला असता, हे पण प्रामाणिकपणे सांगतो.

आता इथली एक गोष्ट जी रेड डॉटवाल्याने विसरून चालत नाही. पेनसिल्व्हेनियात २००२ पासून शिंगांचे नियम आहेत, बऱ्याचशा भागात मोठ्या माणसाला बक (नर हरीण) मारायचा तर एका बाजूला किमान तीन टोकं लागतात, आणि काही युनिटांत (शिकारीच्या विभागांत) भुवईजवळचं टोक न धरता तीन मोजावी लागतात. रेड डॉटमधून साठ यार्डांवर, झाडीमागच्या बकची टोकं मोजता येत नाहीत, नाही म्हणजे नाहीच. त्यामुळे रेड डॉट लावायचा ठरवलास तर गळ्यात दुर्बीण ही खरेदीचाच भाग समज, ८ बाय ३२ ची हलकी चांगली पुरते. आणि तसंही रायफल उचलून तिच्यातून बघत बसणं ही घाणेरडी सवय आहे, झाडीत हलणारी वस्तू माणूसही असू शकते, आणि आपण तिच्यावर भरलेली रायफल रोखून 'काय आहे बघू' म्हणतोय. डोक्याला, छातीला, पाठीला मिळून २५० चौरस इंच भगवा-नारिंगी कपडा इथे कायद्याने लागतो तो याचसाठी. आधी दुर्बीण, ओळख पटली, मग रायफल.

फायदा काय ते बघ. तुझा स्कोप स्वतः साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, वर रिंगा आणि बेस, म्हणजे सगळं मिळून अर्ध्या किलोकडे झुकतं. एमपॉइंट मायक्रोच्या आकाराची ट्यूब माऊंट (रायफलवर बसवायचा पाया) धरूनही शंभर-सव्वाशे ग्रॅममध्ये बसते, ट्रिजिकॉन आरएमआर सारखा उघडा छोटा डॉट तर बॅटरीसकट पस्तीस ग्रॅमच्या आत. पण आकड्यापेक्षा मोठा फरक हातात जाणवतो, कारण हलकी रायफल आपण मधोमध, रिसीव्हरच्या (बोल्ट बसतो त्या भागाच्या) खाली-वरून मूठ आवळून धरतो आणि त्याच जागेवर स्कोप बसलेला असतो. तो निघाला आणि पुढे छोटासा डॉट आला की मूठ परत बसते, तोल खाली येतो, आणि दिवसभर चढ-उतार करताना रायफल हातात फिरत नाही. दुसरं म्हणजे हलकी रायफल धक्का जोरात देते. सहा पौंडांची .३०८ घाईत, वर चढाकडे तोंड करून मारली की स्कोपची कड भुवईवर बसते, इथे क्लबात तसल्या अर्धचंद्राच्या खुणा असलेली बरीच मंडळी आहेत. रेड डॉटला डोळ्यापासून ठराविक अंतराची अट नसते, चार इंचांवरून बघ नाहीतर दहा, डॉट दिसतोच, त्यामुळे तो पुढे बसवता येतो आणि भुवई सुरक्षित राहते.

हा प्रकार मुळात शिकारीसाठीच जन्माला आलाय, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, त्यांना वाटतं फौजेतून आलं. स्वीडनच्या एमपॉइंटने १९७५ मध्ये पहिला इलेक्ट्रॉनिक रेड डॉट बाजारात आणला, आणि तिकडे मूस आणि रानडुक्कर हाकून काढतात, जनावर पळत समोरून जातं, त्याला स्कोप पुरत नाही. फौजांनी तो नंतर उचलला. आत फारसं काही गूढ नाहीये, एक बारीक लाल एलईडी असतो, समोरची काच किंचित वाकडी असते आणि तिच्यावर असा थर असतो जो फक्त लाल उजेड परत फेकतो, बाकीचा येऊ देतो. तो परत आलेला उजेड समांतर होऊन डोळ्यात शिरतो म्हणून ठिपका लांब, हरणावरच असल्यासारखा दिसतो आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून काम होतं. हेच कारण आहे की काच कधी कधी निळसर दिसते, लाल कापला गेलेला असतो ना. स्वस्तातल्यांत हा निळेपणा जास्त, आणि संध्याकाळी त्याचा त्रास होतो.

गालाकडे येतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथे फसतात. बाजारात मिळणारे बहुतेक छोटे डॉट एआर-१५ (फौजी धाटणीची रायफल) डोक्यात ठेवून बनवलेले असतात, सोबत येणारा माऊंट उंच असतो, कारण एआरचा स्टॉक (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) सरळ रेषेत असतो आणि डोळा वर राहतो. तुझ्या बोल्ट अॅक्शनचा स्टॉक खाली उतरलेला आहे, त्यावर तो उंच माऊंट लावलास की डॉट दिसण्यासाठी मान वर काढावी लागते, गाल सुटतो, नुसती हनुवटी टेकते. मग रेंजवर टेबलावरून छान लागतं आणि जंगलात उभ्याने, घाईत, डॉट सापडतच नाही. लोक म्हणतात रेड डॉट स्लो आहे. अरे डॉट स्लो नाही, माऊंट चुकलाय. तुला पाहिजे सगळ्यात बुटका माऊंट, काचेचा मध्य नळीच्या मध्यापासून दीड-पावणेदोन इंचांत आला पाहिजे. सिगचा रोमिओ५ आणि होलोसनचा ४०३ बी घेतलास तर डब्यात उंच आणि बुटका दोन्ही माऊंट येतात, उंच बाजूला ठेव.

तपासायची पद्धत सोपी आहे. रायफल रिकामी, चेंबर उघडून बोट घालून दोनदा बघ, काडतुसं दुसऱ्या खोलीत. भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे बघ, डोळे मीट, शिकारीला घालतोस तेच जॅकेट घालून रायफल खांद्याला लाव, गाल टेकव, आता डोळे उघड. डॉट काचेत कुठेतरी दिसलाच पाहिजे. नाही दिसला आणि मान वर केल्यावर दिसला तर माऊंट उंच आहे, मान दाबावी लागली तर बुटका. जॅकेट विसरू नको, त्याने रायफल पुढे जाते आणि गाल मागे सरकतो. एकदा हे जमलं की रोज संध्याकाळी थोडा वेळ हेच कर, सीझनच्या आधी महिनाभर, गोळ्यांचा खर्च शून्य आणि फायदा बाकी कशाहूनही जास्त.

आणि इथे कोल्हापूर-पुण्याकडे एअर रायफल शिकून आलेल्यांना एक वेगळी अडचण येते, तूही त्यातलाच दिसतोस. तिकडे पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची), दुसऱ्या डोळ्यापुढे पट्टी, श्वास रोखून रिंगेत रिंग बसवायची. स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये ब्राँझ मिळवलं ते असल्याच साइटवर, ती विद्या मोठीच आहे, ट्रिगर दाबायची तिची शिस्त इथेही सोन्यासारखी उपयोगी पडते. पण नजर उलटी वापरायची असते. रेड डॉटमध्ये डॉटकडे बघायचं नाही, हरणाच्या खांद्याकडे बघायचं, त्यावरच्या एका केसाच्या पुंजक्याकडे, दोन्ही डोळे उघडे, आणि डॉट तिथे आला की दाबायचं. डॉटकडे बघत राहिलास तर हरीण धूसर होतं आणि डॉट थरथरताना दिसून उगाच मन डळमळतं, थरथर प्रत्येकाचीच असते, मोठेपणा नसल्यामुळे इथे उलट कमीच दिसते.

आता तुझ्या डोळ्याचं, म्हणजे तिरक्या नंबरचं. अॅस्टिग्मॅटिझम असेल तर गोल ठिपक्याच्या जागी स्वल्पविराम, फुटलेला तारा किंवा द्राक्षाचा घड दिसतो. तो डॉटचा दोष आहे की डोळ्याचा हे कळायला मोबाईलचा कॅमेरा काचेमागे धरून फोटो काढ, फोटोत ठिपका गोल आला तर डोळा, फोटोतही फाटका आला तर वस्तू परत कर. डोळ्याचा निघाला तर घाबरू नको. आधी उजेड कमी करून बघ, बहुतेक जण डॉट गरजेपेक्षा दुप्पट प्रखर ठेवतात, कमी केला की अर्धा पसारा जातो. मग चष्मा घालून बघ, कारण चष्म्यात तिरका नंबर बरोबर असेल तर ठिपका बऱ्यापैकी गोळा होतो, आणि तू शिकारीला चष्मा घालतोसच. काही जणांना हिरवा डॉट जास्त स्वच्छ दिसतो, लाल-हिरव्याचा गोंधळ असणाऱ्यांनाही, फक्त बॅटरी थोडी जास्त खातो.

एवढं करूनही नाहीच जमलं तर रेड डॉटच्या मागे लागू नको, प्रिझम घे. प्रायमरी आर्म्सचा एकपट मायक्रोप्रिझम किंवा व्होर्टेक्सचा स्पिटफायर, असे छोटे प्रिझम असतात, त्यात खूण काचेवर कोरलेली असते, डोळ्याच्या नंबराप्रमाणे मागची काच फिरवून ती स्पष्ट करता येते, आणि बॅटरी मेली तरी काळी खूण राहतेच. बदल्यात वजन वाढतं आणि डोळा ठराविक अंतरावरच ठेवावा लागतो, म्हणजे भुवईचा धोका थोडासा परत आला. होलोग्राफिकचा सल्लाही तुला कोणी देईल, इओटेक वगैरे, तिरक्या नंबरवाल्या काहींना ते खरंच बरं दिसतं. पण त्यांचा लोकप्रिय एक्सपीएस अडीचशे ग्रॅमच्या वर जातो, आत लेझर असल्याने बॅटरी वर्षांत नाही, तासांत मोजावी लागते, हलक्या रायफलचा हेतूच गेला. शिवाय २०१५ मध्ये थंडी-उष्णतेत झिरो सरकण्याच्या प्रकरणावरून त्या कंपनीच्या मालकांनी अमेरिकी सरकारशी २५.६ दशलक्ष डॉलरची तडजोड केली होती. नंतरचा माल वेगळा आहे, पण त्यातला धडा सगळ्याच ब्रँडना लागू आहे, झिरो ज्या थंडीत वापरणार त्या थंडीत एकदा तपासून बघावा, ऑगस्टमध्ये केलेल्या झिरोवर डिसेंबरात आंधळा विश्वास नको.

डॉट केवढा घ्यायचा. ठिपक्याचं माप एमओएत, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागात, सांगतात, एक एमओए म्हणजे शंभर यार्डांवर एक इंचाला जरासं जास्त, १.०४७ इंच. म्हणजे २ एमओएचा ठिपका शंभरला दोन इंच झाकतो, ६ चा सहा इंच, म्हणजे हरणाची आठ इंचांची जागा अर्ध्याहून जास्त झाकून टाकतो. शंभरच्या आत मारणाऱ्याला २ ते ४ मधला काहीही चालतो, मी २ घे म्हणेन कारण उजेड वाढवून छोटा ठिपका मोठा भासवता येतो, मोठ्याला छोटं करता येत नाही. होलोसनच्या काहींत ठिपक्याभोवती ३२ एमओएचं वर्तुळ येतं, ते पन्नास यार्डांवर साधारण सतरा इंचांचं होतं, मोठ्या हरणाची पाठीपासून छातीपर्यंतची उंची जवळपास तेवढीच, त्यामुळे घाईत मधोमध बसवायला मदत होते. आवडलं तर ठेव, नाहीतर नुसता ठिपका चालू कर, दोन्ही सोय असते.

पैसे कुठे घालायचे असतील तर बंद घरात घाल, म्हणजे एलईडी दोन काचांच्या मध्ये बंदिस्त असला पाहिजे. उघड्या डॉटमध्ये, आरएमआर, बरिस फास्टफायर, व्होर्टेक्स व्हेनम या जातीत, एलईडी मागच्या बाजूला उघड्यावर असतो आणि त्याच्यावर पाण्याचा एक थेंब, बर्फाचा कण, हेमलॉक झाडाची एक सुई पडली की डॉट गेला किंवा त्याचा लाल चिखल झाला. पिस्तुलावर, खिशात-म्यानात ती गोष्ट वेगळी, पण सकाळी साडेपाचपासून भुरभुर बर्फात झाडाला टेकून बसणाऱ्याला उघडा डॉट म्हणजे डोक्याला ताप आहे. वजनाने तो मोह घालतो हे मान्य, तरी पन्नास-साठ ग्रॅम वाचवण्यासाठी सीझनची एकमेव संधी पणाला लावू नको. बंदिस्तमध्ये दोन घराणी, एक ट्यूबवाली, म्हणजे एमपॉइंट मायक्रो एच-२, रोमिओ५, होलोसन ४०३ वगैरे, आणि दुसरी डबीच्या आकाराची, एमपॉइंट अॅक्रो, होलोसन ५०९टी, स्टायनर एमपीएस. डबी दिसायला सुटसुटीत, बुटकी बसते, पण खिडकी लहान. ट्यूबला झाकणं लावता येतात, आणि मला रायफलवर ट्यूबच आवडते.

बंदिस्त असली तरी बाहेरच्या काचा ओल्या होतातच. मागच्या काचेवर थेंब बसला तर एकाचे चार डॉट दिसतात, आणि डॉट फार मागे, नाकाजवळ बसवला असेल तर श्वासाची वाफ तीच काच धुरकट करते. म्हणून बोल्ट अॅक्शनवर मी तो पुढच्या बेसवर, काडतुसं भरायच्या तोंडाच्या पुढे बसवतो. भरताना बोटं अडत नाहीत, वाफ पोचत नाही, आणि दोन्ही डोळे उघडे असताना ट्यूबची कड जवळपास विरघळून जाते. तुझ्या रायफलवर अखंड रेल (खाचांची पट्टी) असेल तर फक्त पुढच्या खाचेत सरकवायचं काम आहे, दोन तुकड्यांचे वीव्हर बेस असतील तर माऊंटचा आडवा दांडा त्या खाचेत बसतो का ते आधी बघ, पिकाटिनी हा खाचांचा वेगळा प्रकार, त्याचा दांडा वीव्हरच्या खाचेत जाईलच असं नाही. दांडा खाचेच्या पुढच्या कडेला ढकलून मगच स्क्रू आवळायचे, म्हणजे धक्क्याने तो सरकायला जागाच राहत नाही. स्क्रू हाताच्या अंदाजाने नको, इंच-पौंडांचा छोटा टॉर्क पाना घे, आकडा डॉटच्या कागदावर लिहिलेला असतो तोच, आणि आधी तेल पुसून निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद), लाल नाही. माझ्याकडे 'डॉट बिघडला' म्हणून येणाऱ्या रायफलींत बहुतेकदा बेसचेच स्क्रू ढिले असतात, डॉट काढून खालचे बेस पण आवळून बघायला लोक विसरतात.



बॅटरी. सीआर २०३२ वर चालणारा घे, ती किराणा दुकानातही मिळते. मायक्रो एच-२ ला कंपनी मधल्या उजेडावर ५०,००० तास सांगते, म्हणजे पाच वर्षांहून जास्त सतत चालू, होलोसन आणि रोमिओही याच पट्टीत. मी दरवर्षी रायफल सीझनच्या आधी, थँक्सगिव्हिंगच्या आठवड्यात, डोळे मिटून नवीन घालतो, जुनी गॅरेजच्या रिमोटला. बॅटरी बाजूने किंवा वरून बदलता येते का हे नक्की बघ, काही डॉटांत ती बुडाखाली असते, बदलायला अख्खा डॉट काढावा लागतो आणि मग झिरो परत तपासावा लागतो. हलवल्यावर जागा होणारा असेल तर उत्तमच. पण स्टँडवर तासभर दगडासारखा बसलास की तो झोपलेला असू शकतो, तेव्हा रायफल उचलताना तो जागा होतो का, किती पटकन होतो, ते घरीच बघून ठेव. तुझ्या बोल्ट अॅक्शनवर लोखंडी साइट नसेल, बहुतेक नसतेच, म्हणजे डॉट मेला तर तुझ्याकडे नेम धरायला काहीच नाही, म्हणून खिशात एक जास्तीची बॅटरी आणि झाकण उघडायला नाणं, हे विसरू नको.

उजेड आपोआप कमी-जास्त करणारे डॉट शिकारीसाठी मला पटत नाहीत. सेन्सर तुझ्या रायफलवर असतो, तू हेमलॉकच्या काळोखात, हरीण समोरच्या उजेडाच्या पट्ट्यात, सेन्सरला वाटतं अंधार आहे आणि तो डॉट विझवत नेतो, आणि उजळ पार्श्वभूमीवर डॉट दिसेनासा होतो. हाताने बदलणारा घे, आणि त्याचे सगळ्यात खालचे टप्पे खरंच मंद आहेत का ते दुकानात नाही, घरी संध्याकाळी अंगणात बघ. इथे सूर्यास्तानंतर अर्धा तास मारायला कायद्याने परवानगी आहे आणि हरणं नेमकी तेव्हाच चालू लागतात. त्या वेळी जास्त प्रखर डॉट हरणाचा खांदा गिळून टाकतो, आणि खरं सांगायचं तर त्या शेवटच्या दहा मिनिटांत चांगला स्कोप रेड डॉटपेक्षा सरस ठरतो, कारण मोठी काच उजेड गोळा करते, डॉट करत नाही. हा तोटा डोळसपणे स्वीकारून घ्यायचा. खांदा नीट दिसेनासा झाला की घड्याळात वेळ असली तरी बंद.

झिरोचं. आधी २५ यार्डांवर कागदावर आण, तिथे एक एमओएचा क्लिक पाव इंचच हलवतो हे लक्षात ठेव, काही डॉटांचा क्लिक अर्ध्या एमओएचा असतो, कागद वाच. मग ५० यार्डांवर बरोबर मध्ये. .३०८ ची १५० ग्रेनची गोळी, अठरा इंची बॅरल आणि बुटका माऊंट धरला तर ५० ला झिरो केलेली रायफल शंभरला जवळपास तिथेच लागते आणि दीडशेला साधारण इंचभर खाली, म्हणजे तुझ्या अख्ख्या कामाच्या टप्प्यात कुठेही वर-खाली धरायची भानगडच नाही. तरी शंभरला मारून खात्री कर, हिशेब वेगळा आणि तुझी बॅरल वेगळी. 'पॅरॅलॅक्स फ्री' (डोळा हलला तरी नेम हलत नाही) असं डब्यावर लिहिलेलं असतं, त्यावर फार जाऊ नको, डोळा कडेला गेला तर गोळी थोडी सरकतेच, ५० ला डॉट मुद्दाम काचेच्या चारही कडांना ठेवून मारून बघ, तुझ्या डॉटची लबाडी किती ते तुला कळेल. टेबलावरून झिरो झाला की टेबल सोड आणि बाकी सगळ्या गोळ्या उभ्याने, बसून, झाडाला टेकून मार.

आता कुठला घेऊ म्हणशील. पैसे असतील तर मायक्रो एच-२, बुटक्या माऊंटसकट, तो सहाशे डॉलरच्या वर जातो पण तुझी रायफल बदलेल, डॉट तोच राहील. तेवढे नसतील तर रोमिओ५ किंवा होलोसन ४०३, दीडशेच्या आसपास, आणि तुझ्या पन्नास-साठ यार्डांच्या कामाला ते पुरून उरतात, हे मी रेंजवर लोकांच्या रायफलींवर वर्षानुवर्षं बघतोय. मधे उरलेल्या पैशाची दुर्बीण घे. पन्नास डॉलरच्या आतले, नाव नसलेले, आणि बाजारभावाच्या चौथाईत 'एमपॉइंट' म्हणून विकले जाणारे ऑनलाइन तुकडे घेऊ नको, ते खेळण्यातल्या बंदुकांसाठीच्या नकला असतात, .३०८ चा धक्का त्यांना झेपत नाही. मागे लावायचा तीनपटीचा मॅग्निफायरही नको, एवढं वजन परत चढवायचं असेल तर सरळ १.५-४ चा छोटा स्कोप घे, तो पावणेतीनशे ग्रॅमच्या आसपास येतो आणि फार चांगलं काम करतो. मिश्र जागेत, थोडं जंगल थोडं शेत असं बसणाऱ्याला मी तोच सांगतो.

एक गोष्ट तू ओझरती लिहिलीस पण ती सगळ्यात आधी निस्तर. एच-वन-बी व्हिसावर आहेस म्हणालास. नॉन-इमिग्रंट व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतुसं जवळ ठेवायला मनाई आहे, आणि त्यातला जो अपवाद आपल्या लोकांना लागू पडतो तो म्हणजे वैध हंटिंग लायसन्स. म्हणजे लायसन्सची मुदत संपली आणि रायफल कपाटात तशीच राहिली तर अडचण तुझ्या व्हिसापर्यंत जाऊ शकते. पेनसिल्व्हेनियाचं लायसन्स जूनच्या अखेरीला संपतं, १ जुलैपासून नवीन, मध्ये एक दिवसही खंड पडू देऊ नको, आणि त्याची प्रत रायफलसोबत ठेव. ग्रीन कार्डवाल्यांना हा फेरा नाही. शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नको. दुसऱ्या राज्यात शिकारीला जाणार असशील तर बॅटरीवरच्या साइटबद्दल तिथलं हंटिंग डायजेस्ट (शिकारीच्या नियमांचं पुस्तक) वाच, नियम राज्यागणिक बदलतात.

आणि तो काढलेला स्कोप कोल्हापूरला नेऊ नको. रायफलचे स्कोप आणि रेड डॉट अमेरिकेच्या निर्यात नियमांत येतात, कोणाला द्यायला म्हणून परवान्याशिवाय बॅगेत टाकून नेणं गुन्हा ठरू शकतो, लहान वस्तू आहे म्हणून सूट नाही. शिवाय भावाला त्याचा उपयोग काय, भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे आणि रेंजवरच्या ऑलिंपिक प्रकारच्या रायफल स्पर्धांना पीप साइट लागते, स्कोप चालतच नाही. इथेच क्लबच्या बोर्डावर चिठ्ठी लाव, ३-९ बाय ४० ला गिऱ्हाईक लगेच मिळतं. पण विकायची घाई या सीझनला करू नको, रिंगांसकट कपाटात राहू दे, डॉटवर तुझा डोळा बसला नाही तर नोव्हेंबरात परत चढवता येईल.